मागचं टोक

९ जानेवारी

जेवताना मी एक आकडा सांगितला आणि सगळं टेबल हसलं. ऑफिसातल्या माझ्या वह्या बाबा चाळतात, ही चाळणार नाहीत, म्हणून तो आकडा इथे लिहून ठेवते : वजा अठ्ठावीस.

शाळेच्या पोहण्याच्या तलावाशी प्रेक्षकांसाठी गॅलरी बांधायची आहे. काम आमच्याकडे, म्हणजे बाबांकडे, माझ्या सासऱ्यांकडे आलं आहे. लोखंडी गर्डर मागच्या बाजूच्या खांबांवर टेकतात, मग मधल्या खांबांच्या रांगेवर टेकतात आणि तिथून पुढे, खाली काहीही नसताना, तलावाच्या दिशेने बाहेर येतात. बाहेर आलेला भाग आतल्या भागापेक्षा लांब आहे. पुढच्या टोकावर वजन आलं की मुलांच्या सी-सॉसारखं मागचं टोक उचललं जाणार. म्हणजे मागच्या आधाराने गर्डरला उचलून धरायचं नाही, खाली ओढून धरायचं आहे. म्हणून तिथली प्रतिक्रिया वजा. एकेका गर्डरला अठ्ठावीस किलोन्यूटन, जवळजवळ तीन टन.

बाबांनी घास गिळला आणि म्हणाले, "आधार वजा? सूनबाई, उद्या म्हणशील खुर्ची माणसावर बसते."

धाकटे दीर हसले, सासूबाई पदराआड हसल्या. नवरा दोनदा हसला. एकदा सगळ्यांबरोबर आणि नंतर, सगळे थांबल्यावर, एकटाच.

बाबांच्या आजवरच्या सगळ्या गॅलऱ्या उभ्या आहेत. त्याचं कारण मी त्यांच्या जुन्या नकाशांत शोधून काढलं. प्रत्येकीच्या मागच्या टोकावर विटांची जाड भिंत होती. ती भिंत टोक दाबून ठेवायची. बाबांनी तिला कधी हिशोबात घेतलं नाही, कारण ती कशालाच उचलत नव्हती. या वेळी आर्किटेक्टने तिथे काच दाखवली आहे. हेही मी सांगणार होते. पण मी गोष्ट एकदाच सांगते. दुसऱ्यांदा सांगितली की ती विनवणी होते.

१२ जानेवारी

या घरात मला मोजपट्टी म्हणतात. बाबांनी दिलेलं नाव. धाकट्या मुलाला ते पाहुणा म्हणतात, कारण त्याने तीन ठिकाणी शिक्षण अर्धवट सोडलं आणि तो जेवायच्या वेळेला घरी उगवतो. नवऱ्याला त्यांनी नाव दिलेलं नाही. त्याला नुसती हाक मारतात आणि तो उठतो.

नवरा इंजिनियर नाही. माणसं, माल, ट्रक हे तो बघतो, आणि चांगलं बघतो. लग्नाआधी म्हणाला होता की बाबांशी बोलून माझी सही नकाशांवर चालू करेल. या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. बोलेन, बोलेन, योग्य वेळ बघून बोलेन. नकाशे काढते मी, सही बाबांची. बाबा मधले खांब बघतात, बाकीच्या पानांवर नुसतं पेन फिरवतात.

१६ जानेवारी

मागच्या खांबांचं काँक्रीट अजून व्हायचं आहे. आज त्यांच्या नकाशात प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चार जाड बोल्ट घातले. बोल्ट खाली खांबात खोल जातात, खांब पायाला धरून आहे, आणि वरून एक पोलादी प्लेट गर्डरला दाबून बसते. तीन टनांना पुरून उरेल. टीप लिहिली : "काचेच्या चौकटीसाठी".

बाबांनी सही केली. पेन कागदावरून उचललंसुद्धा नाही.

म्हणजे गॅलरी पडणार नाही. हे आता फक्त मला माहीत आहे. नवऱ्याला सांगावं असं एकदा वाटलं. तो आंघोळीला गेला होता, बाहेर आला, टॉवेल कुठेय विचारलं, आणि वाटणं गेलं.

२८ जानेवारी

खांब ओतले. बोल्ट माथ्यातून वर आलेले बघून धाकट्याने विचारलं, "वहिनी, काचेला इतके जाड बोल्ट? काच आहे की हत्ती?"

वाऱ्याचा जोर असतो, म्हटलं. त्याला पटलं. त्याला काहीही पटतं.

१४ फेब्रुवारी

आमच्या कंपनीत एक रिवाज आहे. बांधकामाला खालून दिलेले तात्पुरते टेके काढायच्या दिवशी घरातला एक माणूस बांधकामाच्या खाली उभा राहून चहा पितो. कप भरायचा, टेके निघेपर्यंत खालून हलायचं नाही, आणि चहा सांडायचा नाही. बाबांनी तीस वर्षं असा चहा प्यायला. त्यामुळे मजूर आमच्याकडे बिनघोर काम करतात, असं ते म्हणतात, आणि ते खरं असावं. त्या दिवशी सासूबाई सकाळपासून जेवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, भूक नाही.

आता बाबांच्या गुडघ्यांना इतका वेळ उभं राहणं झेपत नाही. आज त्यांनी जेवताना सांगून टाकलं की या वेळी थोरला उभा राहील. धाकट्याचा विचारच केला नाही. म्हणाले, पाहुण्याला आपण खुर्ची देतो, चहाला उभं करत नाही.

नवऱ्याने भाताकडे बघत मान हलवली.

१५ फेब्रुवारी

अखेर नवऱ्याने विचारलं. मी इस्त्री करत होते.

"तू त्या दिवशी म्हणालीस ना, मागचं टोक उचलेल. ते खरं होतं?"

"हो."

"म्हणजे नक्की?"

"हिशोब तीनदा तपासला."

यातला एकही शब्द खोटा नाही. तो आकडा आजही वजा अठ्ठावीसच आहे. आकडा कोण धरून ठेवतंय, हे त्याने विचारलं नाही.

मग म्हणाला, तूच बाबांना परत सांग. मी म्हटलं, मी एकदा सांगितलं, तेव्हा तू हसलास. आता तू सांग. त्याच्या तोंडून बाबांसमोर माझं एक वाक्य निघतं का, एवढंच मला बघायचं आहे. एक वाक्य. त्या दिवशी मी बोल्टांचं सांगून टाकेन.

हे क्रूर आहे का, याचा विचार केला. परीक्षेत उत्तर आधी सांगत नाहीत, त्याला कोणी क्रूर म्हणत नाही.

२० फेब्रुवारी

गर्डर चढले. लोखंडकाम करणाऱ्या फॅब्रिकेटरने प्लेटी बसवून नट आवळले. मी स्वतः पान्याने एकेक तपासला. नंतर त्यावर काचेच्या चौकटीचा पत्रा आला आणि सगळं झाकलं गेलं. आता बघूनही कुणाला कळणार नाही.

नवऱ्याची झोप गेली आहे. कूस बदलतो, पाणी पितो. सकाळी उठते तेव्हा तो खिडकीशी असतो.

२६ फेब्रुवारी

संध्याकाळी बाबा आणि नवरा साइटवरून एकाच गाडीने आले, पण आत वेगवेगळे आले. नवऱ्याचा डावा गाल लाल होता. दिवसभर उन्हात होतो म्हणाला. उजवा गाल नेहमीसारखा होता. त्याला गाडीच्या खिडकीतलं ऊन एका बाजूने लागत असेल.

जेवताना बाबा कुणाकडेच न बघता म्हणाले, "काही पुरुषांना बायकोच्या तोंडाने बोलायची सवय लागते. तीस वर्षं मी काय झोपेत बांधत होतो?"

टोमणा मला होता. मी पाणी वाढलं. नवऱ्यानेही माझी बाजू घेतली नाही. ताटावरून उठला आणि भावाच्या खोलीत जाऊन बसला.

त्याने अजून बाबांना काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मला येऊन सांगितलं नसतं का?

१ मार्च

दोघा भावांचं हल्ली काय चाललं आहे कळत नाही. आज गच्चीवर कपडे काढायला गेले तर धाकटा म्हणत होता, "दादा, तुझ्यामागे वहिनी आहे. माझ्यामागे कोण आहे? कुणाचं काही अडत नाही." नवरा त्याला ओरडला, अगदी घाणेरडी शिवी दिली, आणि मग त्याच्या मानेला धरून त्याचं डोकं आपल्या छातीवर दाबलं. मला बघून दोघे लांब झाले. धाकटा म्हणाला, "वहिनी, उद्या ऊन आहे का हो?"

पैशाची काही भानगड असावी. धाकट्याने पूर्वीही केली आहे.

४ मार्च

टेके काढायचा दिवस. क्रमाने लिहिते.

सकाळी नवऱ्याचा खालचा ओठ फुटलेला होता. दाढी करताना कापलं म्हणाला. धाकट्याच्या शर्टाची वरची दोन बटणं तुटली होती, त्याने तोच शर्ट घालून न्याहारी केली. सासूबाई दोघांना आळीपाळीने बघत होत्या. निघताना नवरा दारात थांबून माझ्याकडे वळला. काहीतरी बोलेल असं वाटलं. म्हणाला, गॅसचा नंबर लावलाय, सिलिंडर येईल, लक्ष ठेव. मी म्हटलं, मीही साइटवर येतेय. तो म्हणाला, नको येऊस. मी गेले.

तलाव कोरडा. शाळेचे मुख्याध्यापक आणि दोन शिक्षक कडेला. पुढच्या टोकावर वाळूच्या गोण्या रचल्या, प्रेक्षक कठड्याशी गर्दी करतील तेवढं वजन. मी मागच्या टोकाला हालचाल मोजणारी एक डायल लावली आणि पुढच्या टोकाला एक. जनरेटर सुरू होता, त्याच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं.

बाबांनी थर्मासमधून चहा ओतला. नवरा हेल्मेट आणायला सिमेंटच्या गोण्या ठेवायच्या खोलीकडे गेला. ती पत्र्याची आहे, जनरेटरच्या मागे. तो परत आला नाही. बाबांनी दोनदा हाक मारली. मग खोलीकडून धाकटा आला, हेल्मेट घातलेला. बाबांच्या हातून कप घेतला आणि गॅलरीच्या खाली जाऊन उभा राहिला. त्याच्या बोटांचा तांबूस डाग कपाच्या कानावर उमटला होता, गंजासारखा.

टेके टोकाकडून आत असे काढायचे असतात. तसेच काढले. एकेक टेका निघाला की धाकटा डोळे मिटायचा. कप दोन्ही हातांनी धरला होता. शेवटचा टेका पडला तेव्हा गर्डरने आवाज केला, जुन्या पलंगासारखा, आणि धाकट्याच्या पँटवर ओल पसरताना मी पाहिली. ती चहाची नव्हती. चहा त्याने सांडला नाही.

पुढचं टोक अकरा मिलिमीटर खाली गेलं. माझा अंदाज बाराचा होता. मागचं टोक जागचं हललं नाही. डायल शून्यावर.

बाबा लंगडत खाली गेले. रिकामा कप घेतला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी या घरात आल्यापासून तो हात तिथे पाहिलेला नाही. म्हणाले, "पाहुणा घरी आला." त्याची पँट त्यांनी बघितली नाही, किंवा बघून बघितली नाही. धाकटा रडत होता आणि हसत होता. मग बाबा माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गं मोजपट्टी, कुठे गेलं तुझं वजा?" मुख्याध्यापकही हसले.

जनरेटर बंद झाल्यावर वॉचमनने सिमेंटच्या खोलीचं दार उघडलं. नवरा आत गोण्यांवर बसलेला होता. हाताला सिमेंट, बोटांची सालटं निघालेली. घसरून पडला असावा. गॅलरीकडे न बघता त्याने पहिल्यांदा विचारलं, धाकटा कुठे आहे. वॉचमन म्हणाला, बाहेरून कडी होती. मी म्हटलं, वाऱ्याने लागली असेल. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हो, वाऱ्याने.

तेव्हा मला खात्री पटली. ज्या माणसाला कोंडलं गेलं, तो भांडतो. जो लपतो, तो वाऱ्याचं कारण चटकन उचलतो.

४ मार्च, पुढे

जेवताना बाबा खुशीत होते. धाकट्याला स्वतःच्या हाताने वाढत होते. नवऱ्याला म्हणाले, तू नेमका त्याच वेळी हेल्मेट शोधत बसलास, आणि हे रिकामं डोकं उभं राहिलं बघ. हे ते चेष्टेत म्हणाले. तिथेच थांबलं असतं.

मी म्हटलं, "त्याला वाटत होतं की गॅलरी पडणार. मी त्याला सांगितलं होतं आणि त्याचा विश्वास बसला होता. हे माहीत असून त्याने भावाला खाली उभं केलं."

आवाज चढवला नाही. जे घडलं त्याच्यापलीकडे एक शब्द बोलले नाही.

सासूबाईंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. धाकटा पांढराफटक झाला. "वहिनी, अहो तसं नाही, दादाला मी—" एवढं तो बोलला, आणि नवऱ्याने टेबलावरून हात लांब करून त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की सालटलेल्या बोटांतून रक्त आलं.

"बस," नवरा म्हणाला. "जेव तू."

रागाने धरलं असणार.

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "उद्यापासून साइटवर दिसू नकोस. मजुरांना काय तोंड दाखवू मी?" तो "बरं" म्हणाला. एवढंच. निरपराध माणूस "बरं" म्हणत नाही.

५ मार्च

सकाळी तो बॅग भरत होता. मित्राकडे जातो, तिथे काहीतरी काम बघेन म्हणाला. मी त्याला बोल्टांचं सांगितलं. परीक्षा संपली होती, उत्तर दडवून ठेवायचं कारण नव्हतं. कधी घातले, किती जाड, किती खोल, सगळं सांगितलं.

तो पलंगावर बसला. हातात एक मोजा होता, एकच.

"म्हणजे ती पडणारच नव्हती."

"नाही."

"आणि मी रात्र रात्र जागायचो, तेव्हा तू बाजूला जागी होतीस."

"कधी कधी."

मला वाटलं ओरडेल, हात उचलेल. त्याची तयारी मी ठेवली होती. तो मोज्याची गुंडाळी करत राहिला, सोडत राहिला. मग म्हणाला, "एक कर. धाकट्याला हे सांगू नकोस. कधीच."

का, विचारलं.

"तो खाली उभा राहिला. ते त्याच्याकडे राहू दे. त्याच्याकडे दुसरं काही नाही."

यात त्याचं स्वतःचं काय हित आहे ते मला कळलं नाही. बॅग घेऊन गेला. मोजा पलंगावर राहिला.

६ मार्च

काही नाही. पलंग मोठा वाटतो. झोप व्यवस्थित लागली.

८ मार्च

वॉचमन हट्टाला पेटला आहे. आज दुपारी ऑफिसात येऊन बाबांना म्हणाला, साहेब, ती कडी वाऱ्याने लागणारी नाही, आणि थोरल्या साहेबांनी आतून दारावर मारलेल्या बुक्क्यांचे पोचे पत्र्यावर आहेत, मी दाखवतो. बाबांनी त्याला हाकललं. पण नंतर बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. चार वाजता म्हणाले, उद्या सकाळी जाऊन स्वतः बघतो.

संध्याकाळी मी साइटवर गेले. मजूर सुटले होते.

पत्र्यावर आतून सात पोचे आहेत, खांद्याच्या आणि छातीच्या उंचीवर. घसरलेल्या माणसाचे नाहीत. कडी लोखंडी, आडवी सरकणारी, बोटाएवढी जाड, गंजलेली. दार लोटून पाहिलं, आपटून पाहिलं, पत्रा घेऊन वारा घातला. जागची हलत नाही. एका हाताने जमलं नाही. दोन्ही हातांनी, पाय दाराला लावून ओढली तेव्हा लागली, आणि माझ्या बोटांना तांबूस गंज लागला. तसाच डाग कपाच्या कानावर होता. मी तो चार तारखेला लिहून ठेवला आहे.

सव्वीस तारखेपासूनची पानं परत वाचली. लाल गाल. गच्ची. ओठ. बटणं. मनगट. नोंदी सगळ्या बरोबर आहेत.

कडीजवळ उभी राहून मी विचार केला. टेबलावर मी एक विधान केलं आहे. बाबांनी उद्या ही कडी हाताने ओढून पाहिली तर ते विधान खोटं ठरेल. एक खोटं ठरलं की मागची सगळी तपासली जातात, आणि मग कुणीतरी काचेच्या चौकटीचा पत्रा उघडेल. धाकट्याला कळेल की तो कशाच्याच खाली उभा नव्हता. ते त्याला कळू नये, एवढंच नवऱ्याने मागितलं होतं. म्हणजे मी जे केलं ते त्याच्याही मागणीला धरून आहे.

पोचे लाकडी ठोकळ्याने बाहेरून सपाट केले. पूर्ण गेले नाहीत, पण माल आपटून पडलेले वाटतात. फॅब्रिकेटरच्या पेटीत ग्रीसचा डबा होता. पॉलिश पेपरने कडीचा गंज काढला, ग्रीस भरलं, वीसेक वेळा पुढे-मागे केली. आधी घट्ट, मग सैल, मग बोटाने सरकायला लागली.

दार लोटून बाजूला उभी राहिले. थोडा वेळ काही झालं नाही. मग तलावावरून वारा आला, दार आपटलं, आणि कडी आपोआप जाऊन बसली.

आता वाऱ्याने लागते.